पुढचा फटका सपाटीवरून: चढ-उताराचं पार्कलँड मैदान कसं खेळावं

गोल्फमध्ये पार्कलँड मैदान म्हणजे समुद्रापासून आत, मऊ हिरवळीवर, मोठाल्या झाडांच्या रांगांनी होल एकमेकांपासून वेगळे केलेलं मैदान. होल म्हणजे टीवरच्या पहिल्या फटक्यापासून ग्रीनवरच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतातल्या, खळग्यापर्यंतचा एकेक टप्पा; त्या खळग्यालाही होलच म्हणतात. किनाऱ्यावरच्या लिंक्सवर वारा आणि टणक जमीन तुमची परीक्षा घेतात. इथे ते काम झाडं, दाट रफ (कडेचं वाढलेलं गवत) आणि पाणी करतात. असं मैदान डोंगराळ भागात असलं, की त्यात जमिनीची भर पडते. सपाट मैदानावर व्यवस्थित खेळणारा माणूस इथे येतो, स्कोअर फुगतो आणि घरी जाताना तो दोष स्विंगला, म्हणजे क्लब (खेळायची काठी) फिरवण्याच्या पद्धतीला देतो. बहुतेक वेळा स्विंग बिचारा निर्दोष असतो. फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध पण तीव्र उतारावर थांबलेला लांब ड्राइव्ह (टीवरचा फटका) हा दिसायला देखणा आणि खेळायला महाग असतो. म्हणून पुढे जे काही लिहिलंय त्याचा गाभा एकच आहे: प्रत्येक फटका मारताना त्याच्या पुढचा फटका सपाट जागेवरून कसा मिळेल ते आधी बघा. त्यासाठी वीस-तीस यार्ड सोडावे लागले तर खुशाल सोडा.

वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या घ्याव्यात.

पायरी १: खेळण्याआधी कार्ड वाचा

स्कोअरकार्डवर दोन आकडे असतात, कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी जादा फटक्यांची सूट, आणि कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूकडून अपेक्षित स्कोअर. स्लोप रेटिंग सांगतं, की त्या खेळाडूच्या मानाने साधारण खेळाडूला मैदान किती जास्त जड जाईल. जमिनीच्या उताराशी या आकड्याचा थेट संबंध नाही. तो ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा धरतात. इथे तुम्हाला किती जादा फटके मिळतात त्याचा हिशोब सोपा आहे: तुमचा हँडिकॅप इंडेक्स गुणिले स्लोप रेटिंग, भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग वजा पार (कुशल खेळाडूकडून अपेक्षित ठरलेले फटके).

समजा इंडेक्स २० आहे, स्लोप १३५ आणि कोर्स रेटिंग पारपेक्षा १.२ ने जास्त. उत्तर २५ च्या आसपास येतं. म्हणजे प्रत्येक होलवर तुम्हाला एक फटका जादा आहे आणि स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा कार्डावरचा क्रम) १ ते ७ या होलवर दोन. हे पेन्सिलीने कार्डावर मांडून ठेवा. त्या सात होलपैकी पार ४ असलेल्या होलवर सहा फटके हा तुमचा पार. मग दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायची धडपड कशाला? तीन फटक्यांत पोचा, दोन पट (ग्रीनवर होलकडे घरंगळवलेले फटके) घ्या, आणि तरीही एक फटका हातात राहतो.

टी (पहिला फटका मारायची जागा; एकाच होलला पुढे-मागे अशा अनेक असतात) निवडताना अहंकार घरी ठेवा. चढाच्या पार ४ होलवर तुमचे दोन उत्तम फटके मिळूनही ग्रीन येत नसेल, आणि असं एकदा नाही तर चार-पाचदा होणार असेल, तर पुढच्या टीवरून खेळा. मागच्या टीवरून खेळल्याबद्दल कुणी वेगळं बक्षीस देत नाही.

पायरी २: बॅग

नियमाप्रमाणे चौदाच क्लब नेता येतात, तेव्हा जागा अडवणारे बाहेर काढा. सरासरी खेळाडूने तीन आणि चार नंबरची आयर्न (पातळ धातूच्या डोक्याचे क्लब) घरी ठेवून त्यांच्या जागी हायब्रिड किंवा सात नंबरचा वुड (जाड डोक्याचे, चेंडू सहज उचलणारे क्लब) घ्यावा असं माझं मत आहे. उतारावरून आणि दाट गवतातून लांब आयर्नने चेंडू उचलणं अवघड जातं. मोकळ्या झालेल्या जागेत एक जास्तीचा वेज (आखूड, उंच फटक्यांचा क्लब) बसतो. बुटांचे स्पाइक झिजले असतील तर बदला. ओल्या उतारावर पाय सरकला की उरलेल्या तंत्राला काही अर्थ राहत नाही. ढकलगाडी असेल तर तिचा ब्रेक तपासा आणि उतारावर ती नेहमी आडवी उभी करा.

सराव मैदानावर सपाट चटईवरून पन्नास चेंडू मारण्यापेक्षा कडेच्या एखाद्या उंचवट्यावर उभं राहून नुसते दहा-बारा स्विंग करा. उरलेला वेळ उताराच्या पटना द्या.

पायरी ३: टीवरून

टीवर उभं राहिलात की आधी ग्रीनकडे बघा आणि तिथून उलटं या. ग्रीनवर कुठल्या बाजूने जाणं सोपं आहे, तिथे जाण्यासाठी दुसरा फटका कुठून हवा, त्या जागी जमीन कशी आहे, आणि चेंडू तिथे थांबवणारा क्लब कुठला? बऱ्याचदा उत्तर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) नसतं. टेकडीवरच्या फेअरवेला एखादा सपाट टप्पा असतो आणि त्याच्यापुढे जमीन एकदम खाली जाते. टप्प्यावर १५० यार्ड उरवणारा फटका हा खालच्या घसरणीवरून ११० यार्ड उरवणाऱ्या फटक्यापेक्षा मला केव्हाही बरा वाटतो.

आडवा कललेला फेअरवे असेल तर चेंडू नेहमी खालच्या बाजूला घरंगळणार. नेम वरच्या कडेला धरा. किती वर, हे गवत आणि ओलावा ठरवतात. सकाळी दव असताना चेंडू जवळजवळ पडल्या जागी राहतो, दुपारी तोच उतार त्याला रफपर्यंत नेतो.

खाली उतरणाऱ्या होलवर मोह सगळ्यात मोठा. दृश्य छान असतं आणि हात आपोआप जोर करतात. पण अशा ठिकाणी चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, त्यामुळे वारा त्याला जास्त ढकलतो आणि स्लाइसही (चेंडूचं उजवीकडे वळणं) जास्त वाढतो. तीन नंबरचा वुड किंवा हायब्रिड घ्या, उतार उरलेलं अंतर देऊन टाकतो. चढाच्या होलवर उलटा त्रास होतो: चेंडू वर उचलायच्या नादात शरीर मागे कलतं. तिथे चेंडू वर नेण्याचं काम क्लबच्या लॉफ्टवर (तोंडाच्या मागे कललेल्या कोनावर) सोडा.

टीची जागासुद्धा कायम सपाट नसते. खुणांच्या ओळीपासून मागे दोन क्लब-लांबीपर्यंत कुठेही टी (चेंडू ठेवायची खुंटी) लावता येते. पाय नीट बसतील अशी जागा शोधा. ज्या बाजूला धोका आहे, टी त्याच बाजूला लावली तर धोक्यापासून दूर नेम धरणं सोपं जातं.

पायरी ४: अंतराचा हिशोब

ग्रीन तुमच्यापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १० मीटर अंतर जास्त धरा. १० मीटर खाली असेल तर तेवढंच कमी. हा ठोकताळा मधल्या आणि आखूड आयर्नला बऱ्यापैकी लागू पडतो, कारण त्यांचा चेंडू ४५ अंशांच्या आसपास खाली येतो. लांब क्लबचा चेंडू चपट्या कोनात उतरतो, म्हणून तिथे चढाचा फरक आणखी वाढतो.

उंच ग्रीनवर चेंडू आपला उतरण्याचा मार्ग पुरा होण्याआधीच जमिनीला भेटतो. त्यामुळे तो कमी खड्या कोनात पडतो आणि पुढे पळतो. खालच्या ग्रीनवर तो खडा उतरतो आणि लवकर थांबतो. म्हणून वरच्या ग्रीनसाठी मोठा (लांब मारणारा, म्हणजे कमी नंबरचा) क्लब घेताना ग्रीनच्या मागे काय आहे ते बघून घ्या.

डोळे फसवतात ते बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) बाबतीत. खालून वर बघताना समोरचा बंकर ग्रीनला चिकटलेला वाटतो. प्रत्यक्षात मध्ये बरंच गवत असू शकतं, आणि बंकर ओलांडला म्हणजे ग्रीन आलं असं समजणाऱ्याचा चेंडू त्या गवतात राहतो. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) असेल तर वापरा, पण स्पर्धेत चढ-उताराचा हिशोब करून देणारी सोय बंद ठेवा. नियम अंतर मोजायला परवानगी देतात, उंचीतला फरक मोजायला देत नाहीत.

मैदान समुद्रसपाटीपासून बरंच उंच असेल तर विरळ हवेमुळे चेंडू लांब जातो: दर ३०० मीटरला ढोबळमानाने एक टक्का.

पायरी ५: चार प्रकारचे उतार

इथे घाई करू नका, मैदानावरही आणि वाचतानाही. सगळ्या उतारांवर लागू पडणारी एक सवय आधी लावून घ्या. चेंडूच्या शेजारी, तशाच उतारावर दोन सावकाश सराव-स्विंग करा आणि क्लब गवताला नेमका कुठे लागतो ते खाली वाकून बघा. गवताची पाती जिथे कापली जातात किंवा दव जिथे पुसलं जातं, ती तुमच्या स्विंगची आजची सगळ्यात खालची जागा. चेंडू दोन पायांमध्ये त्या जागी येईल असे उभे राहा. चेंडू कुठे ठेवायचा याचं कुठलंही कोष्टक त्या पुसलेल्या दवाइतकं खरं बोलत नाही. फक्त चेंडूच्या मागचं गवत दाबू नका, त्याला दंड आहे.

पहिला प्रकार चढाचा, म्हणजे डावा पाय वर. खांदे उताराला समांतर ठेवा, वजन उजव्या पायावर थोडं जास्त येऊ द्या आणि चेंडू किंचित डावीकडे ठेवा. जमिनीचा कोन लॉफ्टमध्ये मिसळतो, चेंडू उंच आणि आखूड जातो, म्हणून एक नंबर मोठा क्लब घ्या, चढ तीव्र असेल तर दोन. फटका डावीकडे ओढला जातो, तेव्हा नेम थोडा उजवीकडे.

दुसरा उताराचा, डावा पाय खाली. चारांतला हा सगळ्यात अवघड. इथे क्लब चेंडूच्या आधी जमिनीत घुसतो, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर बसतो, आणि दोन्हीचं मूळ एकच: शरीर उताराशी भांडत असतं. खांदे उताराबरोबर कलू द्या, वजन डाव्या पायावर ठेवा, चेंडू उजवीकडे सरकवा. फटक्यानंतर क्लबचं डोकं उताराच्या पाठोपाठ खाली जाऊ द्या. तोल जाऊन उजवा पाय एक पाऊल पुढे पडला तरी चालेल, उलट ते बरं लक्षण आहे. लॉफ्ट कमी होतो, आठ नंबरचं आयर्न सातसारखं वागतं, चेंडू खालून जातो आणि पडल्यावर पळतो. म्हणून जास्त लॉफ्टचा क्लब घ्या आणि नेम थोडा डावीकडे धरा. अशा जागेवरून फेअरवे वुड काढायचा नाही, एवढा एक नियम पाळलात तरी कार्डावर फरक दिसेल.

तिसरा, चेंडू पायांपेक्षा वर. जरा ताठ उभे राहा, ग्रिप खाली धरा, स्विंग आपोआप चपटा होईल. चेंडू डावीकडे जातो, आणि क्लबचा लॉफ्ट जितका जास्त तितका तो जास्त डावीकडे जातो. हायब्रिडने मारताना थोडी सूट पुरते, वेजने मारताना चांगलीच लागते.

चौथा, चेंडू पायांपेक्षा खाली. पाय रुंद, कंबरेतून जास्त वाकलेलं शरीर, ग्रिप पूर्ण टोकाला. फटका होईपर्यंत वर यायचं नाही, सगळा खेळ तेवढ्यावर आहे. चेंडू उजवीकडे जातो. फटक्यात जोर कमी बसतो, म्हणून क्लब एक मोठा.

आडव्या उताराच्या दिशा लक्षात राहत नसतील तर एवढंच धरा: पाणी ओतलं तर ते ज्या बाजूला वाहेल, चेंडू त्याच बाजूला वळतो. खऱ्या मैदानावर मात्र दोन उतार एकत्र येतात. चढ आणि चेंडू वर, असं असेल तर दोन्ही डावीकडे ओढतात. उतार आणि चेंडू खाली, तर दोन्ही उजवीकडे, आणि तिथून ग्रीनचा नाद सोडून चेंडू पुढच्या सपाटीवर टाकणं हा शहाणपणाचा मार्ग. चारही प्रकारांत स्विंग तीन-चतुर्थांश ठेवा. तोल टिकला तर फटका टिकतो.

पायरी ६: झाडांत गेल्यावर

चेंडू झाडीकडे वळताना दिसला आणि तो सापडेल की नाही अशी शंका आली, तर पुढे जाण्याआधी प्रोव्हिजनल चेंडू (पहिला न सापडल्यास धरायचा तात्पुरता चेंडू) खेळा. तो प्रोव्हिजनल असल्याचं स्पष्ट सांगा, नाहीतर तोच खेळातला चेंडू ठरतो. शोधायला तीन मिनिटं मिळतात. चढ चढून परत टीवर जाण्यात दमही जातो आणि मागच्या लोकांचा संयमही.

चेंडू सापडला की ग्रीनकडे बघू नका. आधी गोलाकार फिरून बाहेर पडायची सगळ्यात रुंद वाट शोधा, मग ती मागे जाणारी असली तरी. दोन खोडांमधल्या फटीतून ग्रीन दिसतं तेव्हा मनात हिशोब करा: दहापैकी आठ वेळा हा फटका जमेल का? उत्तर अडखळत आलं तर आडवा बाहेर काढा. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागण्याचा प्रकार गोल्फमध्ये सगळ्यात जास्त इथेच होतो. आडवा बाहेर काढण्याची किंमत एक फटका. खोडाला लागून परत आलेल्या चेंडूची किंमत आधी सांगता येत नाही.

बाहेर काढताना पाच किंवा सहा नंबरचं आयर्न, ग्रिप खाली, चेंडू उजव्या पायाजवळ, हात चेंडूच्या पुढे, आखूड स्विंग आणि फटक्यानंतर क्लब कंबरेच्या वर नाही. चेंडू गुडघ्याच्या उंचीने पळत जातो. आधी एकदा मागचा स्विंग फांदीला लागतो का ते हळूच बघा. फांद्या मोडायला किंवा वाकवून अडकवायला परवानगी नाही. सुटी पानं, काटक्या काढता येतात, पण त्या काढताना चेंडू हलला तर एक दंड (जादा मोजला जाणारा फटका) आणि चेंडू पुन्हा जागेवर. उतारावरच्या पानांच्या थरावर चेंडू अगदी नावापुरता टेकलेला असतो, तेव्हा तिथली पानं राहू द्यावीत.

चेंडू मुळाला टेकला असेल तर मनगट पणाला लावू नका. एक दंड घेऊन चेंडू खेळण्याजोगा नाही असं जाहीर करा. तीन वाटा आहेत: आधीच्या जागी परत जाणं, होल आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे हवं तितकं जाणं, किंवा होलच्या जवळ न जाता दोन क्लब-लांबीत ड्रॉप घेणं, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडणं. डोंगराळ मैदानावर मधली वाट लोक विसरतात, आणि नेमकी तीच बऱ्याचदा सपाट जागा देते. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून घ्यायचा. चेंडू दोनदा ठरलेल्या जागेबाहेर घरंगळला तर दुसऱ्यांदा तो जिथे टेकला तिथे ठेवायचा.

पायरी ७: पाण्यापलीकडचं ग्रीन

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा नॅशनल हे चढ-उताराच्या पार्कलँड मैदानाचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. १९३३ मध्ये सुरू झालेलं हे मैदान खेळाडू बॉबी जोन्स आणि मैदान-रचनाकार अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी आखलं. तिथलं बारावं होल फक्त १५५ यार्डांचं, समोर ओढा, ग्रीन आडवं आणि अरुंद. तिथल्या २०१९ च्या मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी झेंडा (होलची खूण) उजवीकडे होता. आघाडीवर असलेला मोलिनारी पाण्यात गेला. कोएप्का, पोल्टर आणि फिनाऊसुद्धा गेले. टायगर वुड्सने झेंड्याकडे न बघता ग्रीनच्या डावीकडच्या सुरक्षित भागात चेंडू ठेवला, दोन पट घेतले आणि पुढे स्पर्धा जिंकली. तो झेंडा सोडतो, मग आपण कोण? पाण्यापलीकडे ग्रीनचा मध्य धरा आणि क्लब असा घ्या की थोडा कमी बसलेला फटकाही पलीकडे पडेल.

लाल खुणांच्या पेनल्टी एरियात (पाण्यासारख्या, खुणांनी आखलेल्या धोक्याच्या जागेत) चेंडू गेला, तर एक दंड घेऊन तो जिथे आत शिरला त्या जागेपासून दोन क्लब-लांबीत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप घेता येतो. पिवळ्या खुणांत ही सोय नाही.

पायरी ८: ग्रीनवर आणि आसपास

ग्रीन वाचायला सुरुवात ग्रीनवर पोचल्यावर करू नका. पन्नास-साठ यार्डांवरून चालत येतानाच पूर्ण टेकडी कुठे झुकते ते दिसतं. जवळ गेल्यावर डोळा फसतो, कारण आजूबाजूचं सगळंच कललेलं असतं आणि त्यात सौम्य उतार सपाट किंवा चक्क उलटा वाटतो. शंका आली तर डोंगराचा मोठा उतार खरा माना. दुसरी खूण म्हणजे ग्रीनवरचं पाणी बाहेर पडायची जागा. तिसरी तुमचे पाय: चेंडू आणि होल यांच्या मधोमध, रेषेच्या बाजूला उभे राहा आणि कुठल्या पायावर वजन येतं ते जाणून घ्या.

अप्रोच (ग्रीनकडचा फटका) नेहमी होलच्या खालच्या बाजूला ठेवा. खालून वर जाणारा सहा फुटांचा पट वरून येणाऱ्या तीन फुटांच्या पटपेक्षा मी आनंदाने घेईन. उताराचा पट हळू मारावा लागतो, आणि हळू चेंडू जास्त वळतो. तेव्हा तिथे वळणाची सूट नेहमीपेक्षा जास्त द्या. लांब पटमध्ये रेषेपेक्षा वेगावर लक्ष ठेवा. ग्रीनची पुढची कड खाली झुकलेली असेल तर तिथे पडलेला चेंडू मागे घरंगळत तुमच्या पायाशी येतो. अशा वेळी झेंडा पुढे असला तरी नेम मध्यावर.

खूण करून परत ठेवलेला चेंडू वाऱ्याने किंवा उताराने हलला, तर दंड नाही. तो मूळ जागी परत ठेवायचा.

पायरी ९: पाय थकल्यावर

क्लबहाऊस बऱ्याच ठिकाणी उंचावर असतं, त्यामुळे शेवटची होल चढाची निघतात. पाय थकले की शरीर फटक्यात पुढे फिरत नाही, क्लब चेंडूच्या आधी जमिनीत लागतो. चौदाव्या-पंधराव्या होलपासून प्रत्येक फटक्याला एक क्लब मोठा घ्या आणि जोर कमी करा. तीव्र चढ सरळ न चढता तिरके चढा, वर पोचल्यावर श्वास जागेवर येईपर्यंत क्लबला हात लावू नका. पाणी आणि थोडं खाणं तहान-भूक लागण्याआधीच. कार्टने फिरत असाल तर ओल्या उतारावर ती आडवी चालवू नका. विजा दिसू लागल्या तर स्पर्धा चालू असली तरी थांबायचा हक्क तुम्हाला नियमानेच आहे. आसरा इमारतीत घ्या, झाडाखाली नको.

पायरी १०: घरी गेल्यावर

त्याच संध्याकाळी कार्ड समोर घ्या. प्रत्येक होलपुढे एक अक्षर लिहा: ग्रीनकडचा फटका सपाटीवरून होता तर ‘स’, उतारावरून होता तर ‘उ’. शेजारी टीवरून घेतलेला क्लब आणि स्कोअर. ‘उ’ आणि मोठा आकडा जिथे एकत्र दिसतात, तिथे टीवरून एक नंबर लहान क्लब घेतला असता तर चेंडू कुठे थांबला असता ते मैदानाच्या नकाशावर बघा. पुढच्या खेपेला तोच क्लब घ्या, निदान दोन फेऱ्या तरी.